गाडीत आडव्या ठेवलेल्या आउटबोर्ड इंजिनाबद्दल आपल्या तक्रारीस उत्तर

महोदय,

आपले म्हणणे असे की, सर्व्हिसिंगनंतर आम्ही सहा अश्वशक्तीचे चार-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन (बोटीच्या मागे बाहेरून लावायचे इंजिन) ट्रेलरवरच्या बोटीला न लावता गाडीत आडवे ठेवायला सांगितले, मुक्कामी पोहोचल्यावर ते सुरू करायची दोरी ओढली जाईना, आणि शेवटी ते सुरू झाले तेव्हा निळसर धुराचे लोट निघाले. सल्ला योग्य होता, पण तो अर्धाच दिला गेला. ही चूक पूर्णपणे आमची आहे आणि त्याबद्दल मी आपली क्षमा मागतो.

इंजिन बोटीवरून काढायला सांगितले, कारण पंचवीसेक किलोचे हे वजन मागच्या फळीबाहेर लटकलेले असते. पाण्यात बोट ढकलणाऱ्या पंख्याचा (प्रोपेलरचा) रेटा इंजिनाला फळीवर दाबून धरतो. रस्त्यावर मात्र प्रत्येक खड्ड्यागणिक फळीला हिसका बसतो आणि इंजिन फळीला आवळून धरणाऱ्या क्लॅम्पचे स्क्रू हळूहळू ढिले होतात. इंजिन वर उचलून धरणारी खीळही असे धक्के सोसण्यासाठी बनवलेली नसते.

राहून गेले ते हे, की चार-स्ट्रोक इंजिनाच्या पोटात तेल असते आणि ते भलत्याच कुशीवर निजवले तर हेच तेल सिलिंडरमध्ये किंवा हवेच्या वाटेत उतरते. दोरी अडण्याचे आणि धुराचे कारण बहुधा तेच असावे. कोणती कूस खाली ठेवायची हे प्रत्येक बनावटीत वेगळे असू शकते, म्हणून झाकणावरची खूण किंवा माहितीपुस्तिका पाहूनच ते ठरवावे लागते. दोन-स्ट्रोक इंजिनात असा तेलाचा साठा नसल्याने हा प्रश्न उद्भवत नाही, आणि त्याच सवयीने आमच्या सहकाऱ्याकडून आपल्याला सांगायचे राहिले. आडवे करण्याआधी इंजिन उभे धरून आतले पाणी निथळू द्यावे, आणि डोक्याची बाजू पंख्यापेक्षा कधीही खाली जाऊ देऊ नये, नाहीतर उरलेले पाणी धुराच्या वाटेने सिलिंडरपर्यंत पोहोचू शकते. इंधनाचा कॉक बंद करून कार्ब्युरेटरमधले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवावे आणि टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू आवळावा, कारण बंद गाडीत पेट्रोलची वाफ साचणे धोक्याचे असते.

आपल्याला कळकळीची विनंती आहे की, तूर्त इंजिन सुरू करू नका आणि अडलेली दोरी जोर लावून ओढू नका. सिलिंडरमध्ये तेल साचलेले असेल तर त्याने आतला पिस्टनचा दांडा वाकू शकतो. इंजिन उभे ठेवून आमच्याकडे घेऊन या. आम्ही स्पार्क प्लग काढून साचलेले तेल बाहेर काढू, तेलाची पातळी तपासून ते पुन्हा भरू आणि आपल्यासमोर इंजिन चालवून दाखवू. याचे कोणतेही शुल्क आपल्याला द्यावे लागणार नाही. यापुढे आमच्याकडून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक चार-स्ट्रोक इंजिनावर खाली ठेवायच्या बाजूची ठळक चिठ्ठी लावलेली असेल, आणि गाडीत पहिल्यांदा ते आम्ही स्वतः ठेवून देऊ.