पहिला ग्लास जावयाला

सासुरवाडीत पुढ्यात आलेल्या वस्तूची तारीफ कशी करायची, हे जावयाला शिकवावं लागत नाही. तासगावचा बेदाणा असो की सांगलीचं भडंग, तोंडात टाकायचं, मान डोलवायची, "झकास" म्हणायचं. मिटलं. वाइनला मात्र नुसतं "झकास" म्हटलं की माझा मेहुणा दुखावतो.

पलूसकडची त्यांची बाग पिढीजात थॉमसनची, म्हणजे खायच्या बिनबियांच्या द्राक्षांची. 2001 साली सरकारनं द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, नाशिककडं विंचूरला आणि इकडं पलूसला वाइन पार्कची घोषणा झाली, तेव्हापासून मेहुण्याच्या डोक्यात जे आंबायला लागलं ते थांबलेलं नाही. शेवटी त्यानं एका तुकड्यातली थॉमसन काढून सॉव्हिन्याँ ब्लाँ ही पांढऱ्या वाइनची द्राक्षं लावली. त्या रात्री मामा जेवले नाहीत. माणसाची हयात विरळणी करण्यात आणि घड जीएत (जिबरेलिक अॅसिड, वाढीचं संजीवक) बुडवून मणी फुगवण्यात गेली, आणि पोरगा म्हणतो मणी बारीकच पाहिजे, घड गच्च असला तरी चालेल, वर बीसुद्धा चालेल!

आता वाइन तयार झाली की सगळं घर अंगणात जमतं आणि पहिला ग्लास जावयाला. मानच आहे तो. मे महिना, सांगलीचं ऊन. ही पांढरी वाइन आठ-दहा अंशांवर प्यावी म्हणतात. फ्रीजपासून अंगणात येईपर्यंतच ती घामाघूम होते. बर्फ मागितला तर मेहुणा असा बघतो, जणू मी देवाच्या तीर्थात सोडा मागितलाय.

"दाजी, आधी वास घ्या. काय येतंय?"

समोर मामा, मामी, वहिनी, दोन गडी. सगळ्यांची नजर माझ्या नाकावर.

"हिरवं सफरचंद," मी म्हणतो. हे पाठ केलेलं असतं.

"आपल्या रानात सफरचंद कुठलं?" मामा.

मग घोट. आंबटसर, तरतरीत, जिभेच्या कडेला लिंबू पिळल्यासारखी. खरं सांगायचं तर मला आवडते. पण मामांचा मूळ मुद्दा तिथंच असतो. "द्राक्षं उतरवली तेव्हा बावीस ब्रिक्स साखर होती. पहाटे बॅटरी लावून, गारव्यात काढली. मग ही गोड का नाही? साखर गेली कुठं?"

"यीस्टनं खाल्ली, आप्पा. त्याचंच अल्कोहोल होतं."

"म्हणजे राबायचं आम्ही आणि खायचं त्यानं."

यावर कुणाकडंच उत्तर नसतं. मामी हळूच विचारतात, "पांढरी म्हणता, मग पिवळी कशी?" मेहुणा साल न भिजवता नुसता रस काढण्याबद्दल, स्टीलच्या टाकीत पंधरा अंशांच्या गारव्यात तो हळूहळू आंबवण्याबद्दल सांगू लागतो. तेवढ्यात मी दुसरा घोट घेतो, कारण तो कुणी मोजत नाही.

सोबत काय खावं यावरही त्याचं व्याख्यान असतं. चीज, मासे वगैरे. माझं मत साधं आहे: भडंग. लसूण, खारे शेंगदाणे आणि ही आंबट वाइन, जोडी जमते. तांबड्या रश्श्यापुढं मात्र बिचारीचा आवाजच निघत नाही.

"पुढच्या वर्षी शिराझ," मेहुणा जाहीर करतो. "लाल. दाजी, तिच्यात मिरीचा वास येतो."

"मिरी तरी घरात आहे," म्हणून मामांनी ग्लास पुढं केला.