‘गुडघ्याचं ग्रीस’ आणि चवथीची फुगडी: त्या मेसेजला उत्तर

‘चाळिशी ओलांडलेल्या बायांनी चवथीला फुगडी घालू नये’ अशी सुरुवात असलेला एक मेसेज सध्या गोव्यातल्या फोंडा-डिचोलीकडच्या भजनी मंडळांच्या ग्रुपवर फिरतोय. त्याचं म्हणणं असं: उठबस केली की गुडघ्यातलं ग्रीस संपतं आणि हाड हाडावर घासतं. म्हणून 45 दिवस पट्टा बांधून पूर्ण विश्रांती घ्या, रोज भेंडीचं पाणी प्या आणि कोलाजेन पावडर घ्या, ती थेट गुडघ्यात जाऊन झीज भरते. हे वाचून आमच्या मावशीने फुगडीची तालीम सोडली, जिनाही सोडला. आता गप्प बसणं शक्य नाही.

सगळ्यात घातक आहे ती 45 दिवसांची विश्रांती. गुडघ्यात हाडांच्या टोकांवर साधारण 2 ते 4 मिलिमीटर जाडीची कूर्चा, म्हणजे गुळगुळीत लवचिक गादी असते. तिच्यात 65 ते 80 टक्के पाणीच असतं. ते धरून ठेवतात प्रोटिओग्लायकन नावाचे रेणू. त्यांच्यावर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते पाणी ओढून फुगू पाहतात, आणि भोवतीची कोलाजेन या प्रथिनाची जाळी त्यांना आवरते. या ओढाताणीतूनच कूर्चेला भार पेलण्याचं बळ येतं. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिच्या पेशींचं पोषण होतं सांध्यातल्या द्रवातून: पाय टेकला की दाबाने थोडं पाणी बाहेर जातं, उचलला की परत आत येतं, आणि या ये-जा करण्याने पोषण आतवर पोचायला मदत होते. नियमित भार पडत असेल तर पेशी नवं प्रोटिओग्लायकन बनवत राहतात, भार थांबला की ते काम मंदावतं. मणक्याला इजा होऊन पाय लुळे पडलेल्यांची गुडघ्यातली कूर्चा वर्षभरात पातळ झाल्याचं एमआरआयवर मोजलं गेलं आहे. वर मांडीचा स्नायू अशक्त होतो तो वेगळाच, आणि मग जिना खरोखरच चढवत नाही.

आता ग्रीस. ग्रीस म्हणतात तो हाच सांध्यातला द्रव. निरोगी गुडघ्यात तो जेमतेम 4 मिलिलिटर असतो, म्हणजे चहाचा चमचाही भरत नाही. तो संपत नाही, सांध्याचं अस्तर तो सतत बनवतं. उलट संधिवाताने सुजलेल्या गुडघ्यात द्रव वाढलेला असतो. त्याचा दाटपणा कमी होतो, एवढं मात्र खरं.

भेंडीचा बुळबुळीतपणा आतड्यातच मोडतो. भेंडी भाजीत खावी.

कोलाजेन पावडर पचली की तिचे अमिनो आम्ल आणि छोटे तुकडे होऊन रक्तात जातात, त्यांच्यावर गुडघ्याचा पत्ता लिहिलेला नसतो. दुखणं थोडं कमी झाल्याचे काही छोटे प्रयोग आहेत, ते मी नाकारत नाही. पण ‘झीज भरते’? 1950-60च्या दशकांतल्या अणुचाचण्यांनी हवेत कार्बन-14 (कार्बनचा किरणोत्सारी प्रकार) वाढला आणि अन्नातून तो माणसांच्या शरीरात गेला. कोपनहेगनच्या काट्या हाइनेमायर आणि सहकाऱ्यांनी कूर्चेतल्या कोलाजेनमध्ये तो किती आहे ते मोजून, ते कोणत्या वर्षांत बनलं हे काढलं. हा अभ्यास 2016 मध्ये ‘सायन्स ट्रान्सलेशनल मेडिसिन’मध्ये आला. कोलाजेनची ती जाळी वाढीच्या वयातच विणली गेलेली निघाली. प्रौढपणी तिची जवळजवळ अदलाबदल होत नाही, संधिवात झालेल्या गुडघ्यातसुद्धा नाही. पन्नाशीत जिथे नवी जाळी विणलीच जात नाही, तिथे पावडर भरणार काय?

याच अभ्यासामुळे एक गोष्ट मान्य करावी लागते: फाटलेली जाळी परत येत नाही, म्हणून ती जपायला हवी. वर्षानुवर्षं उकिडवं बसून शेतकाम करणाऱ्यांना, जड ओझी उचलणाऱ्यांना गुडघ्याचा त्रास जास्त होतो, हेही खरं. पण ते रोजचं, तासन्‌तासचं ओझं. चवथीची फुगडी त्यात बसत नाही. त्रास होतो तो वर्षभर बसून एकदम तासभर फुगडी घातल्यावर.

टेंडनला, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोराला, भाराची सवय व्हायला साधारण 12 आठवडे लागतात, म्हणून तयारी ज्येष्ठातच सुरू करावी. सुमारे 45 सेंटिमीटर उंच खुर्ची घ्या, हात छातीवर. तीन मोजत खाली बसा, टेकताच उठा. 8 ते 10 वेळा, अशा 3 फेऱ्या, मध्ये 2 मिनिटं थांबून. उठता येत नसेल तर खुर्चीवर जाड उशी ठेवा. चुका दोनच होतात: गुडघा आत वळतो, नाहीतर शेवटी धप्पकन बसलं जातं. हे एक दिवसाआड करा. भार दिल्यावर पहिला दिवस-दीड दिवस टेंडनमध्ये कोलाजेनची मोडतोड जास्त असते, बांधणी त्यानंतर पुढे जाते. रोज केलं तर ती वेळच मिळत नाही. चार आठवड्यांनी 15-20 सेंटिमीटरच्या पायरीवर चढ-उतार, आठनंतर टाचा उचलणं आणि दोन-दोन मिनिटांची फुगडी. करताना दुखणं दहापैकी पाचच्या आत असावं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत शमलेलं असावं. नाही शमलं तर फेऱ्या कमी करा, बंद करू नका.

गुडघा नुसता कटकट वाजतो, दुखत नाही, तर सोडून द्या. पण गुडघा गरम होऊन सुजला, अडकला, चालताना दगा देऊ लागला किंवा पडल्यावर काही तासांत फुगला, तर व्यायाम थांबवून गोमेकॉच्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या) किंवा जिल्हा इस्पितळाच्या ऑर्थो ओपीडीत दाखवा. सूज आणि ताप एकत्र असेल तर ओपीडीची वाट न पाहता त्याच दिवशी कॅज्युअल्टीत जा.