‘दोन मिलिमीटरची फॅशन’: एका प्रतिक्रियेला उत्तर

‘सड्यावरचा अनोळखी कांदा’ या माझ्या लेखात मी सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, एका रानकांद्याविषयी लिहिलं होतं; तो कोळकांद्यासारखा दिसतो, पण मला वेगळा वाटतो. त्या लेखावर ‘डोंगरवाटा’ या टोपणनावाने आलेली प्रतिक्रिया वाचली, आणि दोन दिवस थांबून हे उत्तर लिहितो आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तिच्यातलं मुख्य वाक्य जसंच्या तसं देतो: ‘पुंकेसर दोन मिलिमीटर आखूड दिसला की नवी जात जाहीर करायची, ही हल्ली फॅशन झाली आहे, गुरुजी, तुमचा कांदा म्हणजे पाणी जास्त मिळालेला साधा कोळकांदाच.’ पुढे तीन गोष्टी आहेत. कोळकांद्यात गुणसूत्रांची संख्या बदलते (म्हणजे एकाच जातीतली झाडंही थोडी वेगळी दिसू शकतात) हे मी सांगितलं नाही, ठिकाण लपवलं, आणि असली कामं शाळामास्तरांनी करू नयेत.

आधी चूक कबूल करतो. लेखात मी चार ठिकाणी ‘नवी प्रजाती’ असं लिहिलं होतं. मराठी परिभाषेत प्रजाती म्हणजे जीनस, जवळच्या जातींचा गट, आणि स्पीशीज म्हणजे जाती. वर्तमानपत्रांत सर्रास उलटं छापतात म्हणून मीही तसं लिहावं, हे बरोबर नाही. तुम्ही ते दाखवून दिलंत, आभार. दुरुस्ती केली आहे.

आता ते वाक्य. ‘गुरुजी’ हा शब्द मला एकतीस वर्षं मुलांनी मानाने दिला. तो टोमण्यासाठी वापरलेला मला आवडला नाही, आणि हे बोलून दाखवायला मला संकोच वाटत नाही. मतभेद असावेत, पण समोरचा माणूस रात्ररात्र कातळावर बसून काय करत होता हे विचारण्याआधी त्याला फॅशन करणारा ठरवू नये.

दोन मिलिमीटर म्हणजे कशातले दोन मिलिमीटर? कोळकांद्याचं फूल केवढं असतं ते तुम्ही हातात घेऊन पाहिलं आहे का? पाकळी जेमतेम सेंटिमीटरभर. मी मोजलेल्या साध्या कोळकांद्यांत पुंकेसराचा तंतू सहा मिलिमीटरच्या आसपास भरला. सहातले दोन गेले म्हणजे तिसरा हिस्सा गेला. नारळाच्या झाडात दोन मिलिमीटरला कोणी विचारणार नाही, इथे विचारावंच लागतं. आणि मी एवढ्यावरच थांबलो असतो तर तुमचं म्हणणं मान्य केलं असतं. त्याच लेखात फुलाच्या देठाची लांबी आहे, देठाखालच्या इवल्याशा पानाला मागे जे नखासारखं शिंग असतं त्याचा आकार आहे, बोंडाच्या एका कप्प्यात किती बिया ते आहे. साधा कोळकांदा माझ्या अंगणात संध्याकाळी उमलतो आणि सकाळी मिटलेला असतो; हा दुपारी साडेतीन-चारलाच उघडतो. हे सगळं तुम्ही ओलांडून गेलात आणि मिलिमीटर तेवढे उचललेत.

‘पाणी जास्त मिळालेला’ याचं उत्तर तर कुंड्यांत आहे. 2019 साली मी या झाडाचे तीन कांदे आणि शेजारच्या सड्यावरच्या साध्या कोळकांद्याचे तीन कांदे एकाच मातीत, एकाच उन्हात, रांगेने लावले. पाणी दोघांना सारखंच, म्हणजे आभाळातून पडेल तेवढं. पाच हंगाम मोजमापं घेतली. फरक जागचा हलला नाही. 2020 साली बी पेरलं, त्या रोपांना 2024 मध्ये पहिला फुलदांडा आला आणि त्यांच्या फुलांतही तेच. पाण्याने फुगलेला गुण बियांतून असा उतरत नसतो.

या झाडांचा अभ्यास अवघड का, हेही सांगतो, कारण ‘घरबसल्या’ असा एक शब्द तुमच्या प्रतिक्रियेत आहे. कोळकांद्याला फूल ऐन उन्हाळ्यात येतं, तेव्हा पान नसतं. पान पावसात येतं, तेव्हा फूल नसतं. म्हणजे एकाच झाडाकडे त्याच जागी दोनदा जावं लागतं, आणि मधल्या काळात वर काहीच दिसत नाही म्हणून दगडांची खूण करून ठेवावी लागते. एक फूल एका दिवसाचं, दांड्यावर खालून वर उमलत जाणारं. कागदात दाबलं की तपकिरी चिकट कपटा होतो, म्हणून फुलं स्पिरिटमध्ये ठेवायची. कांदा उभा कापायचा, त्याचा रस लागला की हात दोन दिवस खाजतात. माझी आई म्हणायची, याला गुरंही तोंड लावत नाहीत. बरोबरच म्हणायची, त्यात हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्यं असतात.

तुमचं वाक्य मला एवढं लागलं त्याला कारण आहे. 1998 साली याच सड्यावरचे वाळवलेले नमुने मी एका कार्यालयाकडे पोस्टाने पाठवले होते. सात महिन्यांनी गठ्ठा परत आला. वर चिठ्ठी: ‘साधा कोळकांदा.’ गठ्ठ्याची सुतळी मी बांधली होती तीच, माझीच गाठ, न सुटलेली. आत बुरशी. तेव्हा मी गप्प बसलो आणि वीस वर्षं या झाडाकडे वळलो नाही. न उघडता दिलेला निकाल मी दुसऱ्यांदा ऐकून घेणार नाही.

शाळामास्तरांबद्दल. कोकणच्या पांढऱ्या दीपकाडीचं, म्हणजे अशाच एका कांदेवाल्या रानफुलाचं, पहिलं शास्त्रीय वर्णन करणारा डाल्झेल मुंबई इलाख्यात कस्टमच्या नोकरीत होता; वनखात्याचा प्रमुख तो पुढे झाला. आणि ‘इथलं सगळं शोधून झालंय’ असं वाटत असेल तर कॅम्प्टोऱ्हायझा आठवा. ही कंदवाल्या वनस्पतींची प्रजाती आफ्रिकेच्या दक्षिणेतच आहे असं मानत होते. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातले प्रा. श्रीरंग यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिची एक जाती आपल्या महाराष्ट्रातून नोंदवली.

शिवाय मी ‘जाहीर’ काहीच केलेलं नाही. नवी जाती ब्लॉगवर जाहीर होत नाही. नियमाप्रमाणे लॅटिन किंवा इंग्रजीत वर्णन छापावं लागतं, एक नमुना होलोटाइप, म्हणजे त्या नावाचा मूळ आधार, म्हणून नेमून तो कुठल्या हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, ठेवला ते सांगावं लागतं. म्हणूनच मी नाव दिलं नाही, ‘अनोळखी’ म्हटलं. शीर्षकातला शब्द आहे तो.

गुणसूत्रांचं म्हणाल तर कोळकांद्यात 20, 30, 40 अशा संख्या सापडतात हे मलाही माहीत आहे. मुळांची टोकं तपासायला दिली आहेत, निकाल आल्यावर बोलू. ठिकाण मी सांगणार नाही. त्या सड्याच्या एका कडेला चिरेखाण सुरू झाली आहे, दुसऱ्या कडेला कलमांसाठी कातळ फोडताहेत, आणि सगळे मिळून शंभराच्या आत कांदे आहेत.

तुम्हाला खरंच पाहायचं असेल तर एप्रिलअखेर घरी या, मोजपट्टी तुमचीच आणा. आत्ता आलात तर कुंड्यांत नुसती माती दिसेल. दुपारी तीनच्या आत पोचा, पहिलं फूल उघडताना दिसेल. दुसऱ्या रांगेतल्या फुलासाठी मात्र दिवेलागणीपर्यंत थांबावं लागेल, जेवूनच जा.