यादीतलं नाव

"ताई, तुमच्याकडे बायका मतासाठी लढल्या. आपल्याकडे ते आयतं मिळालं, म्हणून त्याची कुणाला किंमत नाही."

दक्षिण मुंबईतला माझा धाकटा भाऊ फोनवर हे म्हणाला, आणि तो 'आयतं' शब्द आठवडाभर मला टोचतो आहे. मे २०२४ मध्ये त्याच्या मतदारसंघात जेमतेम निम्म्या मतदारांनी मत दिलं. तो आणि त्याची बायको घरीच होते.

मी न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चला राहते. इथल्या बायकांच्या मताच्या लढ्याची पुढारी केट शेपर्ड, तिच्या एव्हन नदीकाठच्या स्मारकावरून रोज कामाला जाते. १८९३ साली मताच्या मागणीसाठी घेतलेल्या बायकांच्या सह्यांचे कागद एकापुढे एक चिकटवून २७० मीटर लांबीची गुंडाळी केली होती. ती संसदेत उलगडली तेव्हा आतला दांडा समोरच्या भिंतीवर जाऊन आदळला. ही गोष्ट भावाला मीच रंगवून रंगवून सांगितली होती. रमाबाई रानड्यांची मात्र कधी सांगितली नाही. ही चूक माझी.

मुंबई इलाख्यात बायकांना मत मिळावं म्हणून रमाबाई झटल्या. १९२१ मध्ये ते मिळालं, तेही मालमत्तेच्या अटीवर, म्हणजे मूठभर बायकांना. पुढे राज्यघटनेने सरसकट सगळ्यांना दिलं. तरी पहिल्या निवडणुकीच्या याद्या करताना सुमारे २८ लाख बायकांनी, बहुतेक उत्तरेकडच्या, स्वतःचं नाव सांगितलं नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी यादीत ठेवल्या नाहीत. तेव्हा मला वाटतं, आपल्याकडची लढाई परक्या माणसासमोर स्वतःचं नाव उच्चारण्याची होती. तिला आयतं म्हणायचं?

इथे २०२३ मध्ये ७८ टक्के मतदान झालं, हे मी त्याला ऐकवलं. शहराच्या कौन्सिलच्या निवडणुकीत मत टपालाने द्यायचं असतं, आणि तेव्हा इथलीही निम्म्याहून जास्त पाकिटं परत येत नाहीत, हे ऐकवलं नाही.

आणखी एक गोष्ट मी त्याला सांगितलेली नाही. इथे मत द्यायला नागरिक असावं लागत नाही, रेसिडेन्सीवर मी दोनदा मत दिलं होतं. भारतीय पासपोर्ट होता तोवर तिकडचं मतही माझंच होतं, फक्त जातीने केंद्रावर जावं लागलं असतं. लग्नांना गेले, आजारपणाला गेले, मतदानाला एकदाही गेले नाही. मग व्हिसाच्या रांगांना कंटाळून इथलं नागरिकत्व घेतलं, आणि तिकडचं गेलं. सोयीसाठी मी माझं मत सोडलं, आणि भाऊ सुट्टीच्या दिवशी झोपला म्हणून त्याच्यावर चिडले.

गेल्या महिन्यात आईने यादी पाहिली. माझं नाव अजून आहे, माहेरचंच. सात नंबरचा अर्ज भरून ते कमी करून घे, असं मी भावाला सांगितलं. त्याने अजून भरलेला नाही. मीही पुन्हा विचारलेलं नाही.