ढगावरची नोकरी

व्हिडिओ गेममधल्या मारिओच्या दरबारात दुय्यम पात्रांना बढती सावकाश मिळते, पण मिळते, हे मान्य करावे लागेल. १९८३ साली दुसऱ्या खेळाडूची सोय म्हणून आलेल्या लुईजीला २००१ मध्ये स्वतःच्या नावाचा, झपाटलेल्या वाड्याचा खेळ मिळाला. १९८५ च्या खेळात सात किल्ल्यांमध्ये उभे राहून ‘राजकन्या दुसऱ्या किल्ल्यात आहे’ एवढाच निरोप देणाऱ्या टोडला २०१४ मध्ये कप्तान म्हणून स्वतःचा खेळ मिळाला. तोही पाठीवरच्या बोज्यामुळे साधी उडी मारता येत नसताना. राहिला तो बिचारा लाकिटू. चष्मा लावून ढगावर बसणाऱ्या या कासवाला ‘मारिओ कार्ट’च्या मोटार-शर्यतीत २०११ पासून स्वतः गाडी चालवू देतात, पण त्याच्या नावाचा खेळ काही कोणी काढत नाही.

माझ्या मनात त्याच्याविषयी हा कळवळा उत्पन्न होण्यास माझी भाची कारणीभूत आहे. २०१७ च्या ‘सुपर मारिओ ओडिसी’त दुसऱ्या खेळाडूला मारिओची टोपी होता येते, आणि आमच्या घरी दर रविवारी ती टोपी मी असतो. वयाने, शिक्षणाने आणि वजनाने वडीलधारा असलेला मनुष्य दुपारभर दुसऱ्याच्या डोक्यावर बसून राहतो, सांगितले की उडतो, शत्रूंवर आदळतो, नाणी गोळा करून पुन्हा डोक्यावर येऊन बसतो, आणि एवढे करूनही मारिओ दरीत पडला की ‘मामा, तू मध्ये आलास’ हे ऐकून घेतो. मारिओ तरला तर मात्र ते भाचीचे कौशल्य असते.

लाकिटूची व्यथा नेमकी हीच आहे. १९९६ च्या ‘सुपर मारिओ ६४’मध्ये आपण जे काही पाहतो ते त्याने गळाच्या काठीला टांगलेल्या कॅमेऱ्यातून पाहतो, पण त्याची आठवण आपल्याला होते ती मारिओ भिंतीआड गेल्यावरच, आणि तीही शिवीच्या रूपाने. तेव्हा त्याच्या नावाचा खेळ मीच मनाशी रचला आहे. माझ्या या खेळात मारिओला संगणक पळवील आणि खेळणाऱ्याने फक्त कॅमेरा धरायचा. मारिओ अरुंद कठड्यावरून धावत असताना त्याच्या पाठीशी राहायचे, खांब आडवा येऊ द्यायचा नाही आणि स्वतःची सावलीही चित्रात पडू द्यायची नाही. मध्येच मारिओच्या मालकाकडून ‘कॅमेरा डावीकडे घ्या’ असा हुकूम येईल. डावीकडे भिंत असेल तर मूळ खेळात वाजतो तसा नकाराचा आवाज काढायचा, आणि त्याबद्दल गुण कापले जातील. (गुण कापण्याची कल्पना भाचीला विशेष आवडली.)

जोडधंदा म्हणून कार्टच्या शर्यती आहेतच. सुरुवातीचे दिवे दाखवणे, उलट दिशेने निघालेल्यांना वळवणे आणि खड्ड्यात पडलेल्या चालकांना गळाने उचलून पुन्हा रस्त्यावर ठेवणे, ही सर्व कामे तो एकटा करतो. वर काढलेला एकही चालक आभार मानण्यासाठी मागे वळून पाहत नाही. माझ्या खेळात चालकाने निदान मान हलवल्याखेरीज गळ सोडायचा नाही, अशी सोय असेल.

चरित्रनायकाचा पूर्वेतिहास लपवणे मला प्रशस्त वाटत नाही. १९८५ मध्ये, चौथ्या जगापासून पुढे, हाच गृहस्थ ढगावरून मारिओच्या डोक्यावर काटेरी प्राणी फेकत असे. म्हणून एक पातळी अशी ठेवली आहे की सकाळी ज्याच्यावर काटे फेकायचे, त्याच मनुष्याचे दुपारी हसतमुखाने चित्रण करायचे. भाचीला हे अशक्य वाटले. तिने अजून नोकरी केलेली नाही.

सर्वांत मानाची पातळी मात्र किल्ल्यातल्या आरशांच्या दालनाची. मूळ खेळात मारिओ तिथे शिरला की आरशात त्याच्यामागे ढगावर बसलेला लाकिटू दिसतो. एरवी अदृश्य राहणे हेच ज्याचे कसब, त्याला तिथे काही क्षण दिसण्याची मुभा आहे. तेव्हा चष्मा सरळ करणे, ढग झटकणे आणि मारिओला किंचित बाजूला सारून मधोमध येणे, यांस प्रत्येकी जादा गुण.

शेवट केकचा. राजकन्येने मारिओला पत्र पाठवून ‘तुझ्यासाठी केक केला आहे’ म्हणून बोलावले, आणि त्या पत्रात लाकिटूचा उल्लेखही नाही. माझ्या खेळात अखेरीस केकचा एक तुकडा बशीत घालून ढगावर पोहोचवण्यात येईल, असे मी काहीशा भरल्या गळ्याने सांगितले.

“पण मामा, तो केक खाताना कॅमेरा कोण धरणार?” भाचीने विचारले.

लाकिटू स्वतःची ओळख ‘लाकिटू बंधू’ अशी करून देतो, तेव्हा त्याला निदान एक भाऊ असणारच आणि तो धरील, असे मी सांगितले.

“आणि त्या भावाला केक?”

त्याची तरतूद दुसऱ्या भागात करावी लागेल.