खडकाचं बेट करण्याची कृती

समुद्र वाढवायचा असेल तर आधी आरमारावर खर्च करू नका. एखादा खडक शोधा. हिशेब साधा आहे. भरतीतही डोकं वर ठेवणाऱ्या नुसत्या खडकाला चहूबाजूंना १२ सागरी मैलांचा प्रादेशिक समुद्र मिळतो, म्हणजे जेमतेम साडेपंधराशे चौरस किलोमीटर. तोच खडक ‘बेट’ ठरला आणि आसपास दुसरा कोणी हिस्सेदार नसला, तर २०० मैलांपर्यंतचं अनन्य आर्थिक क्षेत्र, म्हणजे तिथले मासे आणि तेल-वायू काढण्याचा एकट्याचा हक्क, तुमचा. हे झाले सुमारे ४ लाख ३० हजार चौरस किलोमीटर. अख्खा महाराष्ट्र ३ लाख ८ हजारांत आटोपतो, आणि तिथे निवडून यावं लागतं.

आता १९८२ च्या समुद्रविषयक कायद्याच्या कराराचं कलम १२१ उघडा. बेट नैसर्गिकरीत्या तयार झालेलं हवं आणि भरतीला ते बुडता कामा नये. मेख तिसऱ्या उपकलमात आहे. ज्या खडकावर माणसांची वस्ती किंवा स्वतःचं आर्थिक जीवन टिकू शकत नाही, त्याला आर्थिक क्षेत्र नाही. वस्ती म्हणजे किती माणसं, हे मात्र करार करणाऱ्यांनी लिहिलंच नाही. इतक्या देशांच्या सह्या एका कागदावर घ्यायच्या तर काही ओळी धूसर ठेवाव्याच लागतात. तुमचं घबाड त्या ओळींत आहे.

बांधकाम जपानकडून शिका. टोकियोच्या दक्षिणेला सुमारे १,७०० किलोमीटरवर ओकिनोतोरी नावाचं प्रवाळाचं कडं आहे. भरती आली की त्यातले दोनच सुळके वर राहतात आणि दोन्हींचं क्षेत्रफळ मिळून दहा चौरस मीटरही भरत नाही. लाटांनी तेही झिजून गेले असते, म्हणून १९८७ पासून त्यांच्याभोवती पोलादी ठोकळे आणि काँक्रीटची तटबंदी उभी राहिली. एका सुळक्यावर टायटॅनियमची जाळीही बसली. इथे हात जपून चालवा. काँक्रीट खडकाभोवती ओता, खडकावर नाही. कृत्रिम बेटाला कलम ६० प्रमाणे फार तर ५०० मीटरचा सुरक्षा पट्टा मिळतो, त्यामुळे मधला मूळ दगड उघडा, ओला आणि नैसर्गिक दिसलाच पाहिजे. उंची वाढवायचीच असेल तर प्रवाळाची लागवड करा. मग वाढ निसर्गाच्या नावावर घालता येते. पत्ताही असू द्या. ओकिनोतोरी कागदोपत्री टोकियो महानगरातल्या ओगासावारा गावात मोडतं. शेजारी कुरकुरतील. चीन आणि दक्षिण कोरियाने हा निव्वळ खडक असल्याचं संयुक्त राष्ट्रांना कळवलं आहे. तुम्ही आपल्या ‘क्षेत्रात’ शिरलेल्या मासेमारी नौका पकडत राहा.

वस्तीचा पुरावा जमवताना मात्र तैवानसारखे हुरळून जाऊ नका. दक्षिण चीन समुद्रातल्या स्प्रॅटली समूहातलं सर्वांत मोठं नैसर्गिक बेट, इतू आबा, त्यांच्या ताब्यात आहे. विहिरीला गोडं पाणी, पपया, कोंबड्या, दवाखाना, देऊळ, धावपट्टी, काय नाही तिथे! जानेवारी २०१६ मध्ये अध्यक्ष मा यिंग-जिओ जातीने जाऊन आले. तरी १२ जुलै २०१६ रोजी फिलिपिन्स विरुद्ध चीन या प्रकरणात लवादाने त्यालाही खडकच म्हटलं, आणि तेही तैवान पक्षकार नसताना. कारण असं की बाहेरून आलेल्या रसदीवर जगणारे सैनिक म्हणजे वस्ती नव्हे, आणि पूर्वी पक्ष्यांच्या विष्ठेचं खत खणून निघून गेलेले मजूर म्हणजे आर्थिक जीवन नव्हे. त्या जागेने स्वतःच्या बळावर स्थिर समाज पोसलेला हवा. आपल्याकडे ‘कसेल त्याची जमीन’ झालं, पण ‘बसेल त्याचा समुद्र’ हे लवादाच्या गळी उतरत नाही. तेव्हा पपईबरोबर ती खाणारी कुटुंबंही लावा, आणि शक्यतो आर्थिक क्षेत्राची कल्पना निघायच्या आधीपासून.

हाताशी खडकसुद्धा नसेल तर चीनचा धडा गिरवा. स्प्रॅटलीतलाच मिसचीफ रीफ मुळात फक्त ओहोटीला उघडा पडायचा. कायद्याने त्याला स्वतःचे १२ मैलही नाहीत. १९९५ मध्ये तिथे खांबांवर चार खोपटी दिसली, तेव्हा ती कोळ्यांच्या निवाऱ्यासाठी असल्याचं सांगण्यात आलं. पुढे वाळू उपसून भराव घातला आणि अडीच किलोमीटरहून लांब धावपट्टी केली. आता कोळी विमानाने येऊ शकतात. नकाशावर आपला समुद्र दाखवणारी रेघही, दक्षिण चीन समुद्रावर दावा सांगणाऱ्या चीनच्या रेघेसारखी, तुटकच ठेवा. १९४७ च्या नकाशात तुकडे ११ होते, मग ९ झाले, २०२३ च्या नकाशात १० आहेत. अक्षांश-रेखांश देऊ नका; ते दिले की कोणीतरी मोजायला बसतो. सीमावादांचे खटले टाळायचे तर कलम २९८ खाली सूट घेता येते. चीनने ती २००६ मध्ये घेतली होती. फिलिपिन्सच्या वकिलांनी म्हणूनच २०१३ मध्ये सीमा मागितलीच नाही. ती तुटक रेघ करारात बसते का, कोणता दगड कलम १२१ मध्ये बसतो आणि कोणता भरतीला बुडतो, असे प्रश्न विचारले. ही फट आधीच बुजवा. नाही जमलं आणि हरलात, तर निवाडा शून्य आणि रद्दबातल असल्याचं जाहीर करा. लवादाकडे बेलिफ नसतो.

फिलिपिन्ससारख्या जिंकणाऱ्यांसाठीही एक कृती आहे. १९९९ मध्ये फिलिपिन्सने ‘सिएरा माद्रे’ ही दुसऱ्या महायुद्धातली सुमारे १०० मीटर लांबीची नौका स्प्रॅटलीतल्याच सेकंड थॉमस शोल या उथळ प्रवाळावर रुतवली आणि तिच्यावर नौसैनिक ठेवले. अशी नौका गंजून चाळण झाली तरी नौदलाच्या यादीतून काढू नका. यादीत असेपर्यंत तिच्यावरचा हल्ला हा युद्धनौकेवरचा हल्ला ठरतो. अडचण दुरुस्तीची येते. तांदूळ जाऊ देणारा शेजारी पत्रे आणि सिमेंट दिसलं की पाण्याच्या तोफा सुरू करतो. त्यावर तात्पुरता समझोता करा. जुलै २०२४ मध्ये तसा झालाही. रसद नेण्याआधी चीनला कळवायचं ठरलं, असं बीजिंगने सांगितलं; असं काही ठरलंच नाही, असं मनिलाने. मसुदा मात्र छापू नका.