पौलाला काटा, मला खडा

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, एखादी गोष्ट गावभर करायची असेल तर पेपरात द्यायची गरज नाही, 'जरा प्रार्थनेत आठवण ठेवा' एवढं एकाला म्हणायचं, बास. संध्याकाळपर्यंत नगरमधल्या निम्म्या ख्रिस्ती घरांत तुमचा विषय पोचलेला असतो आणि रात्री पुण्याहून चुलतबहिणीचा फोन येतो की अरे तुझं कळलं, आम्ही गुडघे टेकलेत. यात चहाडी नाही बरं का. चहाडीत माणूस बदनाम होतो, इथं तो प्रार्थनेचा विषय होतो. फरक बारीक आहे, पण आहे.

माझा मुतखडा असाच जाहीर झाला. सोनोग्राफीत निघाला, उजव्या बाजूला, सहा एमएमचा, किडनीतून निघून खालच्या नळीत येऊन अडकलेला. डॉक्टर म्हणाले, पाच एमएमच्या आतले बहुतेक आपोआप पडतात, सहाचं मात्र सांगता येत नाही, पडेलही, नाहीही पडणार. काही आठवडे वाट बघू. पाणी भरपूर प्या, या गोळ्या घ्या, ताप आला किंवा लघवी अडली तर रात्री-अपरात्री कधीही या, आणि हो, लघवी गाळून बघत जा, खडा मिळाला तर तपासायला पाठवता येईल. मी फी देऊन गेलो होतो तो इलाज घ्यायला आणि मिळालं काय तर वाट बघा. हे तर मला दर रविवारी फुकट सांगतात.

घरी येऊन बायकोला सांगितलं तर तिने पहिल्यांदा चहाची जुनी गाळणी शोधली, तिच्या दांड्याला लाल नेलपॉलिशचा जाड पट्टा मारला आणि मुलांना बोलावून दाखवला, की ही गाळणी यापुढे ओट्यावर दिसली तर माझ्याशी गाठ आहे. आईने दुसरं काम केलं. तिने चष्मा लावला आणि व्हॉट्सॲपवरच्या प्रार्थनेच्या ग्रुपवर माझा सगळा रिपोर्ट फोटोसकट टाकला. त्यात माझं वय पण होतं, जे मी ऑफिसात दोन वर्षं कमी सांगत असतो.

अर्ध्या तासात हात जोडलेल्या चित्रांचा पाऊस. आणि मग वचनं. आता पवित्र शास्त्रात दगडधोंड्यांची काय कमी नाही हे मला माहीत होतं पण ती सगळी माझ्या नळीतल्या खड्याला लागू पडतील असं वाटलं नव्हतं. एकाने येशूच्या कबरेवरची धोंड लोटली गेली तो उतारा पाठवला, ठीक आहे, चांगला आहे. दुसऱ्याने दावीदाने गल्याथाला मारायला ओढ्यातून पाच गुळगुळीत गोटे उचलले तो पाठवला, पाच कशाला, एकाने हा हाल आहे. एका आजोबांनी बांधणाऱ्यांनी नाकारलेला दगडच कोनशिला झाला ते वचन टाकलं आणि मी रात्रभर विचार करत बसलो की माझ्या बाबतीत याचा नेमका अर्थ काय घ्यायचा. सगळ्यात भारी मावशी. तिने मत्तयाच्या सातव्या अध्यायातलं पाठवलं, मुलाने भाकर मागितली तर कोणता बाप त्याला धोंडा देईल. मी म्हणलं, मावशी, धोंडा ऑलरेडी दिलाय, भाकरीचं बघ आता.

खरी पंचाईत रविवारी झाली. उपासनेत सूचनांच्या वेळी सेक्रेटरी उभे राहिले. त्यांच्या कागदावर 'मुतखडा' लिहिलेलं होतं, मला मागच्या बाकावरून त्यांचा चेहरा बघूनच कळलं. पुढच्या रांगेत संडे स्कूलची पोरं, शेजारी महिला मंडळ. त्यांनी दोनदा घसा साफ केला आणि म्हणाले, आपले एक बंधू सध्या एका... खड्यात आहेत, त्यांना प्रभूने बाहेर काढावं म्हणून प्रार्थना करू या. झालं. उपासना सुटल्यावर निम्म्या लोकांना वाटलं मी कर्जात बुडालोय. एका काकांनी बाजूला घेऊन खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, पतपेढीचं आहे का प्रायव्हेट?

मग घरी येणारे लोक सुरू झाले. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला येणारा माणूस रिकाम्या हाताने येत नाही आणि प्रार्थना केल्याशिवाय जात नाही. एका हातात पवित्र शास्त्र, दुसऱ्या हातात पानफुटीची पानं. कुणी हुलग्याचं माडगं डब्यात घालून आणलं, कुणी जवाचं पाणी, कुणी नुसताच सल्ला की टोमॅटो बंद, पालक बंद, आणि बोअरचं पाणी तर नावच काढू नको. प्रभूवर पूर्ण विश्वास ठेव, असं म्हणत म्हणत पानफुटी सकाळी उपाशीपोटी किती पानं खायची ते पण सांगतात, आणि यात त्यांना काहीच विसंगत वाटत नाही. मलाही नाही वाटत खरं तर. देवाने पानफुटी काय उगाच केली असेल?

मोठ्या मामांची प्रार्थना हा मात्र स्वतंत्र विषय आहे. आकाशातल्या बापाला आपण मागायच्या आधीच आपली गरज ठाऊक असते असं येशूने स्पष्ट सांगितलंय, पण मामांना ते पुरेसं वाटत नाही, ते देवाला सगळं पहिल्यापासून सांगतात. हे प्रभू, तुला ठाऊकच आहे की या लेकराला उजव्या बाजूस सहा एमएम. हे प्रभू, तुला ठाऊकच आहे की हा पाणी पीत नाही, त्याच्या आईने हजारदा सांगितलं. हे प्रभू, रात्री दीड-दीड वाजेपर्यंत मोबाइल बघायच्या या सवयीतून याला सोडव. आणि हे प्रभू, मागच्या दिवाळीत भावकीच्या जमिनीच्या वेळी हा जे बोलला त्याची तू याला क्षमा कर. आता यावर मी काय बोलणार? डोळे मिटलेले, मान खाली, समोर देव. वाद घालायची सोय नाही, आणि शेवटी आमेन पण आपणच म्हणायचं. म्हणजे मान्य आहे असं सही करून द्यायचं.

पाळकसाहेब आले ते बरं झालं, कारण ते वाचणारे माणूस आहेत. त्यांनी मला मार्टिन लुथरचं सांगितलं, ज्याच्यापासून आम्ही प्रॉटेस्टंट सुरू झालो तो. 1537 साली फेब्रुवारीत लुथर जर्मनीत श्मालकाल्डेनला सभेसाठी गेला आणि तिथं त्याचा खडा असा अडकला की कित्येक दिवस लघवी बंद, माणूस मरणार हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं, तोही तयार झाला होता. शेवटी मरायचंच तर घरी म्हणून त्याला गाडीत घालून निघाले, हिवाळ्याचे खडबडीत रस्ते, दर धक्क्याला जीव जातोय. आणि टांबाख नावाच्या गावी मुक्काम पडला त्या रात्री लघवी सुटली. लगेच त्याने बायकोला, कॅथरिनाला पत्र लिहिलं की एवढे लोक प्रार्थना करत होते, देवाने ऐकलं. प्रॉटेस्टंटांचा दुसरा मोठा पुढारी कॅल्विन, त्यालाही मुतखडा होता म्हणे. म्हणजे प्रॉटेस्टंट होण्याचा आणि याचा काही संबंध आहे की काय असं मी विचारलं तर पाळकसाहेब हसले नाहीत.

माझ्या मेहुण्याने मात्र यातून फक्त रस्त्याचा भाग उचलला. दुसऱ्या दिवशी बुलेट घेऊन दारात हजर. म्हणाला, दाजी, लुथरला जर्मनीचे रस्ते लागले, आपल्याकडं तर घरापासूनच सोय आहे. मागं बसा. अशा वेळी नाही म्हणण्याइतकं अंगात बळ नसतं. गावाबाहेरच्या त्या रस्त्यावर मी जितक्या मनापासून 'येशू, येशू' म्हणलो तितका आयुष्यात कुठल्याच उपवास-प्रार्थनेत म्हणलेलो नाही. खडा जागचा हलला नाही. पाठीचा मणका हलला.

या सगळ्यात एक वचन मी टाळत होतो. करिंथकरांस दुसरं पत्र, बारावा अध्याय. ते लिहिणाऱ्या प्रेषित पौलाच्या देहात काटा होता, तो काढ म्हणून त्याने तीनदा प्रभूला विनंती केली आणि उत्तर काय आलं, तर माझी कृपा तुला पुरे आहे. काटा तिथंच. आता पौलासारख्या माणसाला नाही म्हणतात तर माझी काय पत, मी तर कधी तुरुंगात गेलो नाही, जहाज फुटलं नाही, चर्चची शनिवारची सफाईसुद्धा टाळतो. पौलाला काटा, मला खडा, पुढचं सगळं सेम निघालं तर? हे मी आईला बोललो तर ती भाजी निवडत होती, वर पण बघितलं नाही. आईची आजी केडगावच्या मुक्ती मिशनात वाढलेली. आपलं नगरजवळचं केडगाव नव्हे, दौंडकडचं. 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी उचलून आणलेल्या पोरींतली ती. त्यामुळे आमच्या घरात कुठल्याही तक्रारीवर अपील शेवटी तिथंच जातं. आई म्हणाली, तिथं हजारावर पोरी जेवायला बसायच्या, बाई रोज मागायच्या आणि रोज विहिरीवर कामाला पण लावायच्या. तू मागितलंस ना? मग जा, पाणी पी.

पाणी पी म्हणजे काय, पितच होतो. पण माझा प्रॉब्लेम मागण्याचा नव्हताच कधी. मागायला मला छान येतं, लहानपणापासून प्रॅक्टिस आहे. चिंता देवावर टाका असं प्रेषित पेत्राने लिहिलंय, ती पण मी रोज रात्री टाकायचो, व्यवस्थित, आमेनसकट. आणि मग उशाखालून मोबाइल काढून 'सहा एमएम किती दिवसांत पडतो' बघायचो. गॅरेजला गाडी दिली आणि घरी जायचं सोडून मेकॅनिकच्या डोक्यावर उभं राहिलं, तसं माझं देवाशी चाललेलं. शिवाय सूचना. प्रभू, सोमवारी नको, सोमवारी ऑडिट आहे. प्रभू, सासुरवाडीत नको. तुझ्या इच्छेप्रमाणे होवो, पण शक्यतो गुरुवारपर्यंत.

मग एका रात्री कळ आली. ज्यांना आलीये त्यांना सांगायची गरज नाही आणि ज्यांना नाही त्यांना सांगून उपयोग नाही. पाठीत सुरू होते, कमरेवरून फिरून पुढे जांघेत उतरते, बसवत नाही, झोपवत नाही, उभं राहिलं तर उलटी. बाथरूमच्या ओल्या फरशीवर मी बादलीला धरून बसलेलो. त्या वेळी ना वचन आठवलं ना उपासना संगीत या आमच्या गीतांच्या पुस्तकातलं एखादं कडवं, ज्यातली रेव्हरंड ना. वा. टिळकांची निम्मी गाणी मला तोंडपाठ आहेत. एमएम पण सांगितले नाहीत. बाजू सांगितली नाही. 'बघ रे बाबा,' एवढंच तोंडातून निघालं, आणि ते पण अर्धंच. बायको दाराबाहेर बसून होती, तिने इंजेक्शनसाठी रिक्षा बोलावली, आणि तिच्या हातात तेवढ्यातही ती लाल पट्ट्याची गाळणी होती. मला त्या बाईचा विश्वास जास्त वाटतो.

खडा त्या रात्री पडला नाही. कथेत पडला असता. तो पडला नंतर एका शनिवारी भर दुपारी, मी आत बसून विजेच्या बिलाचा विचार करत असताना, जाळीवर टिक आवाज झाला, बस. तपकिरी, खरबरीत, तुरीच्या डाळीएवढा. एवढ्यासाठी एवढं? आईने लगेच तो होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटलीत भरला.

आता मंडळीत श्रेयावरून दोन-चार तट पडलेत. पानफुटीवाले म्हणतात पानफुटी, माडग्यावाले म्हणतात हुलगे, मेहुणा म्हणतो बुलेटचा इफेक्ट उशिरा येतो, डॉक्टर म्हणाले गोळ्यांनी नळी सैल पडते. मामा काही बोलत नाहीत, फक्त बघतात. पाळकसाहेबांनी रविवारच्या उपासनेत माझी साक्ष ठेवलीये, म्हणजे देवाने काय केलं ते उभं राहून सांगायचं, दोन मिनिटं, आणि सेक्रेटरींनी फोन करून कळकळीने विनंती केलीये की शब्द जरा जपून. आई बाटली घेऊन येणार आहे. मी नको म्हणलं तर म्हणाली, येशूने दहा कुष्ठरोगी बरे केले त्यातला एकच आभार मानायला परत आला, तुला नवांत बसायचंय का?

काल चेकअपची सोनोग्राफी झाली. उजवी बाजू एकदम क्लीन. डाव्या बाजूला तीन एमएमचा एक बारका दिसतोय, तो किडनीतच आहे, त्रास नाही, डॉक्टर म्हणाले फक्त लक्ष ठेवू. मी रिपोर्ट घडी करून खिशात घातला आणि घरी कुणाला सांगायचं नाही असं ठरवलं. रिक्षातून उतरतोय तर मावशीचा मेसेज: डावीकडचं कळलं, आम्ही लागलोय कामाला, पानफुटी आहे का शिल्लक?